पन्हाळीतल्या निळ्या गोळ्या: सातवीच्या एका वर्गाचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेच्या किचन शेडची पन्हाळ तुंबली. पत्र्यावरचं पाणी थेट खिचडीच्या चुलीपाशी गळायला लागलं, तेव्हा स्वयंपाकाच्या मावशींनी आरडाओरडा करून एकाला शिडीवर चढवलं. त्यानं ओंजळीओंजळीनं गाळ खाली टाकला. पालापाचोळा, एक फुटका चेंडू आणि निळा चिखल. हाताला लागला तर सुटेना असा निळा, आणि त्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. त्या पत्र्याच्या बरोबर वर सातवीची खिडकी आहे. सातवीची वर्गशिक्षिका मी.

शिक्षण परिषदेत हे प्रकरण मी तोंडी सांगितलं तेव्हा दोघातिघांनी लिहून मागितलं, म्हणून हा लेख. शाळा पालघर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. आजूबाजूला ताडाची झाडं, थोडी भातशेती, आणि बरेचसे पालक कंपन्यांमध्ये नाहीतर बांधकामावर रोजंदारीला. मुलांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

गोळ्यांबद्दल आधी. दर सोमवारी जेवणानंतर मुलांना लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी द्यायची असते. पाचवीपर्यंतच्या मुलांना गुलाबी, सहावीपासून पुढे निळी. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. गोळीची गरज किती आहे ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी. म्हणजे मुलांच्या घरात आई, मावशी, काकू अशा तिघी बसल्या असतील तर त्यांतल्या एकीला तरी हा त्रास असण्याचीच शक्यता जास्त. आणि आमच्या गोळ्या पन्हाळीत.

मी वर्गात विचारलं. आधी सगळे गप्प, मग एकदम सगळे बोलायला लागले. मळमळतं. शी काळी होते. तोंडाला खिळ्यासारखी चव येते. मुलगे म्हणाले, ती मुलींची गोळी, आम्हाला कशाला. शेवटी खिडकीजवळ बसणारी एक मुलगी खाली बघत म्हणाली, "बाई, आजी म्हणते ती गोळी घेतली की पुढं पोरं होत नाहीत." ह्या वाक्यावर वर्गातल्या निम्म्या मुलींनी मान हलवली. अफवा तिच्या घरची एकटीची नव्हती.

पहिले उपाय सगळे करतात तेच केले. हेड सर वर्गात येऊन रागावले. सोमवारी मी समोर उभी राहून प्रत्येकाला गोळी गिळायला लावली. दोन सोमवार बरं चाललं, मग कळलं की गोळी जिभेखाली धरून नळावर जाऊन थुंकतात. मी फळ्यावर हिमोग्लोबिनचं चित्र काढून तास घेतला. मुलांनी चित्र सुंदर उतरवून घेतलं. बाकी काही झालं नाही.

आधीच्या वर्षीची फजिती

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा उद्योग तिच्यामुळे सुचला.

आमच्या शाळांमध्ये कर्तबगार बायका शिकवायची एक ठरलेली रीत आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई, अंगावर नऊवारी आणि कपाळावर आडवं कुंकू. मग एक तक्ता: पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली अंतराळवीर. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन उरकला की दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन, त्यात परत तोच तक्ता, फक्त साडीच्या जागी पांढरा कोट. त्या वर्षी मी एका चुणचुणीत मुलीला कमला सोहोनी केलं होतं. कोट, चष्मा, हातात चंचुपात्र. ती खणखणीत म्हणाली, "मी कमला सोहोनी. विज्ञानात पीएचडी मिळवणारी मी पहिली भारतीय स्त्री." टाळ्या झाल्या. बघायला आलेले केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) सहज म्हणाले, "वा! मग तुम्ही शोध काय लावला?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं. मलाही तेव्हा 'बटाटा' एवढंच आठवत होतं.

नंतर वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की ते 'पहिली' सुद्धा फार डळमळीत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठानं १९३१ साली डीएससी ही डॉक्टरेट दिली होती, कमलाबाईंची केंब्रिजची पीएचडी १९३९ ची. असीमा चॅटर्जी यांना १९४४ साली कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, तीही 'पहिली' म्हणूनच सांगतात, फक्त भारतीय विद्यापीठाची. पदवीचं नाव बदललं, देश बदलला की पहिली बदलते. असल्या हिशोबात मुलांना गोडी का वाटावी? तक्त्यावरच्या बाईनं काय केलं हे कुठे नसतंच. पहिली आली, फोटो लागला, संपलं.

पन्हाळीतला निळा चिखल बघताना ती फजिती आठवली. ही गोळी कुणीतरी शोधली असणार. रक्त कमी होण्याशी पालेभाजीतल्या कुठल्याशा पदार्थाचा संबंध आहे हे कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आलं असणार. शोधायला गेले तर तो माग थेट परळला पोचला, आमच्या स्टेशनवरून लोकलनं जाता येईल अशा ठिकाणी.

परळ, १९२८

दिवाळीनंतर शनिवारच्या सकाळच्या शाळेत मी मुलांना एक कोडं घातलं. नाव सांगितलं नाही, फोटो दाखवला नाही. शोधणारा माणूस बाई की बुवा हे कळू नये म्हणून पूर्ण वेळ 'डॉक्टरांनी पाहिलं, डॉक्टरांनी तपासलं' असं बोलत राहिले. मराठीत ही सोय चांगली आहे.

कोडं असं. मुंबई, १९२८. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या आणि चाळींतून राहणाऱ्या बायका गरोदर राहिल्या की पांढऱ्याफटक पडतात, धापा टाकतात, काही बाळंतपणाच्या आसपास दगावतात. परळच्या हाफकिन संस्थेत एक डॉक्टर ह्याचं कारण शोधताहेत. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर कुठे शोधलं असतं?

मुलांनी फळा भरवला. घाण पाणी. जंतू. गिरणीतला कापूस छातीत जातो. उन्हाळा. नजर लागली. सासू जेवायला देत नाही (हे एका मुलीचं, आणि ती हसत नव्हती). मी एकही उत्तर पुसलं नाही. फक्त विचारत गेले: हे खरं आहे की नाही ते कसं तपासाल? जंतू असतील तर कुठे बघाल? कापसामुळे असेल तर गिरणीत न जाणाऱ्या बायकांचं काय? नजर लागणं तपासता येतं का ह्यावर दहा मिनिटं गेली, आणि ती दहा मिनिटं मला अजिबात फुकट वाटली नाहीत.

मग हळूहळू खऱ्या डॉक्टरांनी काय केलं ते सांगितलं. त्यांनीही आधी जंतू शोधले. धागा सापडला नाही. मग बायका काय खातात, कशा राहतात ह्याची पाहणी केली. गरीब घरच्या मुसलमान बायकांमध्ये आजार जास्त दिसला. त्यांच्या ताटात भाजी, फळं आणि प्रथिनं फार कमी होती. म्हणजे संशय ताटाकडे वळला. तसंच खाणं उंदरांना घातलं, उंदरांचंही रक्त कमी झालं. इथे मुलं खूश झाली, कोडं सुटलं म्हणून. मी म्हटलं, थांबा, उंदरांच्या अंगावर उवा होत्या. उवांमधून आलेल्या संसर्गानंही रक्त कमी होतं, त्यामुळे उंदरांचा निकाल नासला. वर्गात 'अरे यार' झालं. विज्ञानाच्या पुस्तकात नासलेला प्रयोग कधी नसतो, पण मुलांना सगळ्यात जास्त आठवणीत राहिल्या त्या उवाच.

पुढे माकडांना अपुरा आहार देऊन पाहिलं. माकडंही आजारी पडली. एक मुलगा इथे रुसला: माकडांना मुद्दाम उपाशी का ठेवलं? त्याला माझ्याकडे छान गुळगुळीत उत्तर नव्हतं. माणसांवर थेट करून बघायचं नव्हतं म्हणून, एवढंच म्हणाले. त्याला ते पटलं नाही आणि मी पटवायला गेले नाही.

औषध सापडलं ते मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक पावाला लावून खातात, स्वस्त असतो. शुद्ध अ आणि क जीवनसत्त्व देऊन फरक पडला नव्हता, मार्माइटनं पडला. मरायला टेकलेलं माकड उठून बसलं. बायकांना भूक लागायला लागली, चौथ्या दिवसापासून रक्तपेशी वाढताना दिसू लागल्या. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध आला. त्या अनोळखी पदार्थाला पुढे त्या डॉक्टरांचंच नाव पडलं. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला, त्याला लॅटिनमधल्या 'पान' ह्या शब्दावरून फॉलिक अॅसिड म्हणू लागले, आणि १९४५ साली तो प्रयोगशाळेत बनवता आला. आता तो आपल्या सोमवारच्या गोळीत असतो.

"आता त्या डॉक्टरांचं चित्र काढा," मी म्हटलं. बहुतेकांनी मिशीवाला किंवा टायवाला साहेब काढला. मुलींनीही. दोन चित्रांत बाई होती. मग मी त्या डॉक्टरांचा, म्हणजे ल्युसी विल्स या इंग्रज बाईंचा फोटो दाखवला.

इथे काहीतरी मोठा धक्का बसेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. "बाई होय," असं म्हणून मुलं चित्रात मिशी खोडायला लागली. मला जरा निराश वाटलं. नंतर वाटलं, हे उत्तम आहे. आधी कोडं डोक्यात बसलं होतं, बाई त्यात सहज मावली. मग आपोआप प्रश्न आले. लग्न केलं होतं का? (नाही.) गाडी होती का? (सायकलवरून कामाला जायच्या.) आमच्याकडे कशाला आल्या? भारतात बाळंतपणातल्या मृत्यूंची एक चौकशी चालू होती, त्यासाठी मार्गारेट बाल्फोर नावाच्या डॉक्टरबाईंनी बोलावलं म्हणून. शिकल्या कुठे? केंब्रिजला, पण तिथे तेव्हा बायकांना परीक्षा देता यायची, पदवी मिळायची नाही. ती १९४८ पासून मिळायला लागली. ह्यावर मुली चिडल्या. अडथळ्याची गोष्ट कामानंतर सांगितली की तिला वजन येतं, हे मला त्या शनिवारी कळलं. आधी सांगितली की ती फक्त बिचारी बाई होते.

एक काळजी मात्र घेतली. 'गोरी मॅडम आली आणि तिनं आपल्याला वाचवलं' अशी गोष्ट मला सांगायची नव्हती. ल्युसीबाईंच्या निबंधांवर तळपदे, मेहता, बिलिमोरिया अशी सहलेखकांची नावं आहेत, ती फळ्यावर लिहिली. आणि आपण काय खातो हे परक्या बाईला घरातली लाज बाजूला ठेवून सांगणाऱ्या, सुई टोचून घेणाऱ्या त्या बायका? त्यांची नावं कुठेच नाहीत. सासूचं उत्तर देणारी मुलगी म्हणाली, "त्यांनी खरं सांगितलं नसतं तर डॉक्टर अजून जंतूच बघत बसल्या असत्या." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे.

ताडीचा प्रश्न

पुढच्या शनिवारी एक अडचण उभी राहिली. यीस्ट म्हणजे काय ते समजावताना मी आमच्या गावचं उदाहरण दिलं होतं: ताडीला फेस कशानं येतो? त्याच यीस्टनं. ज्याच्या घरी ताडी उतरवतात त्या मुलानं घरी जाऊन सरळ हिशोब मांडला असावा. आल्या आल्या त्यानं विचारलं, "बाई, यीस्टनं रक्त वाढतं आणि ताडीत यीस्ट असतं, मग ताडी प्यायली की रक्त वाढतं ना? बाबा म्हणाले, वाढतं."

वर्ग लोटपोट. मी घामाघूम. पण प्रश्न चोख होता, आणि त्याच्या बाबांवर हसणं मला परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, मार्माइटमध्ये मद्य उरत नाही, फक्त यीस्टचा घट्ट अर्क असतो. ताडीत मद्य असतं, आणि मद्यामुळे तेच फॉलिक अॅसिड शरीरात नीट शोषलं जात नाही. "मग सकाळची नीरा?" त्यानं लगेच विचारलं. त्याला फरक पक्का ठाऊक होता. मडक्याला आतून चुना लावला आणि उजाडायच्या आत उतरवली तर नीरा, ऊन चढलं की ताडी.

आणि ह्या प्रश्नावर कमला सोहोनी पुन्हा माझ्या वर्गात आल्या, ह्या खेपेला चंचुपात्र न घेता.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवत असताना राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह असल्याचं त्यांना दिसलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती आहारातून देऊन पाहिली तर तब्येतीत सुधारणा झाली. ह्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ताडीवाल्या मुलाचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. आपल्या बापाच्या मडक्यावर केंब्रिजहून शिकून आलेल्या बाईंनी संशोधन केलं, हे त्याला मी दिलेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठं वाटलं असावं. पुढच्या सोमवारी तो घरून लिंबं घेऊन आला, कारण आंबटामुळे लोह चांगलं शोषलं जातं असं मी बोलता बोलता म्हणून गेले होते.

कमलाबाईंचं बाकीचं काम मी भराभर सांगितलं. डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास, आरे दूध प्रकल्पाला दिलेला सल्ला, ग्राहक मार्गदर्शन संस्थेचं १९८२-८३ मधलं अध्यक्षपद आणि तिच्या नियतकालिकातलं लिखाण. बटाटा मात्र करून दाखवला. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचं आढळलं. पेशीला ऊर्जा मिळते त्या साखळीतला हा एक दुवा, आणि त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. सायटोक्रोम वर्गात दाखवता येत नाही. पण बटाट्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातलं जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की भसाभसा फेस येतो. तो फेस वेगळ्याच पदार्थाचा, कॅटलेज नावाच्या विकराचा (एन्झाइमचा), हे मी स्पष्ट सांगितलं. तरी बटाट्याच्या आत काहीतरी चालू असतं, एवढं डोळ्यांनी दिसलं. उकडलेल्या बटाट्याला फेस येत नाही हे मुलांनी मावशींकडून बटाटा मागून आणून स्वतः शोधलं.

रामनांचा फोटो

अवघड भाग फेब्रुवारीत आला. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन म्हणजे रामन परिणाम ह्या प्रकाशाविषयीच्या शोधाचा दिवस. आमच्या व्हरांड्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा फोटो आहे, त्या दिवशी त्याला हार घालतात. आणि १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झालेल्या कमला भागवत (म्हणजे पुढच्या कमला सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला तो ह्याच रामनांनी, बाई म्हणून. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. त्यांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रहाच्या तयारीनं उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष चाचणीचं. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम. आणि आपल्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही.

तिसऱ्या अटीवर वर्गातले मुलगे फिदीफिदी हसले. मुली गप्प झाल्या. मग एक उभी राहिली. "बाई, आम्ही कबड्डीला येतो म्हटलं की हे हेच म्हणतात. मुली आल्या की खेळ बिघडतो." हसू थांबलं. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं उरलंच नव्हतं.

संस्थेतले मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंचं काम इतकं चोख झालं की वर्षभरात रामनांची खात्री पटली, आणि १९३६ साली त्या एमएस्सी झाल्या. रामन मोठे शास्त्रज्ञ पण कोत्या मनाचे, असं त्या म्हातारपणीही जाहीरपणे बोलल्या. हे मी मुलांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका ज्येष्ठ गुरुजींनी मला गाठलं. "विज्ञान दिनाला त्यांची बदनामी करणार? सातवीच्या पोरांना कळतं का एवढं? ती एवढंच लक्षात ठेवणार की रामन वाईट."

गुरुजींचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही. मलाही ती भीती होतीच. मी प्रश्न वर्गातच टाकला: रामनांचा फोटो भिंतीवरून काढायचा का? वाद झाला, चांगलाच झाला. एक म्हणाला, काढा. दुसरा म्हणाला, मग त्यांचा प्रकाशाचा शोध खोटा होणार का? उवा आठवणाऱ्यांपैकी एकीचं म्हणणं, "त्यांचा प्रकाशाचा प्रयोग बरोबर आला आणि मुलींचा अंदाज चुकला. उंदरांचा चुकला तसा." गुरुजी दारात उभे होते. ते काही न बोलता गेले, पण २८ तारखेच्या हाराचे पैसे त्यांनीच दिले.

त्या दिवशी मुलांनी व्हरांड्यात दोरी बांधून तिला वर्षांच्या चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या लावताना त्यांच्या लक्षात आलं की रामन परिणाम १९२८ चा आणि ल्युसी विल्स मुंबईत आल्या तेही १९२८ सालीच. एकाच खुंटीला दोन चिठ्ठ्या. मी ह्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आणखी एक जोड मी दाखवली: ल्युसीबाई १९२९ साली काही महिने कुन्नूरला पाश्चर संस्थेत काम करत होत्या, आणि केंब्रिजहून परतल्यावर दिल्लीमार्गे कमलाबाईही कुन्नूरच्याच पोषण प्रयोगशाळेत गेल्या. ल्युसीबाईंची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनची होती. तीच संस्था पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली, आणि १९९८ साली त्याच परिषदेच्या दिल्लीतल्या सत्काराच्या वेळी कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच गेल्या. दोघींची भेट कधी झाली का, असं एका मुलीनं विचारलं. ती दोरी दोन ठिकाणी गाठ मारून एकत्र करायची तिची इच्छा होती. मी नको म्हटलं. माहीत नसलेली गाठ मारायची नाही.

केंद्रप्रमुख ह्या वर्षीही आले. कोट घातलेली मुलगी कुठे दिसेना म्हणून त्यांनी विचारलं, नाटुकलं नाही का? मुलांनी त्यांना बटाटा दाखवला.

काकूच्या लाल गोळ्या

गोळ्यांचं काय झालं? आजीची अफवा माझ्या कुठल्याच शनिवारनं हलली नव्हती. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, येऊन बोलून गेल्या, मुलींनी माना डोलावल्या, घरी आजीचंच चाललं. ल्युसी विल्स पाठ झालेल्या मुलीसुद्धा गोळी खिशात घालताना मी पाहिल्या.

तोडगा खिडकीजवळच्या त्याच मुलीनं काढला. मार्चमध्ये ती एक रिकामं पाकीट घेऊन आली. तिच्या काकूला दिवस गेले होते आणि उपकेंद्रातून तिला रोज घ्यायला लाल गोळ्या मिळाल्या होत्या. मुलीनं निळ्या गोळीचं पाकीट आणि लाल गोळीचं पाकीट शेजारी शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं वाचली होती. लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. दोन्हीवर तेच. "बाई, काकू पोटुशी आहे आणि हीच गोळी रोज खाते. मग हिच्यानं पोरं होत नाहीत कसं?"

हा पुरावा मला इतक्या महिन्यांत सुचला नव्हता. तिनं तो आजीपुढे ठेवला. आजी म्हणाली, रंग वेगळा आहे. पण काकू म्हणाली, रंग सरकारचा, औषध तेच, आणि ह्या वेळी घरात काकूचं चाललं. पुढच्या सोमवारपासून त्या मुलीनं वर्गासमोर गोळी गिळली आणि रिकामं तोंड उघडून दाखवलं, कुणी न सांगता.

बाकीचे बदल बारीकसारीक होते आणि विज्ञानापेक्षा व्यवस्थेचे होते. गोळी खिचडीनंतर लगेच, रिकाम्या पोटी कधीच नाही. त्यानंतर तासभर चहा नाही, हे मुख्यतः शिक्षकांनाच सांगावं लागलं कारण मोठ्या मुलांना आम्हीच घोटभर देत होतो. शी काळी होते ती न शोषलेल्या लोहामुळे, घाबरायचं नाही, हे मुलग्यांनी हसत हसत स्वीकारलं. एक गोळी-वही झाली, ती मी न तपासता मुलं आपापली भरत.

जे जमलं नाही

कुणाचं हिमोग्लोबिन किती वाढलं ते मी सांगू शकत नाही, कारण आधीही मोजलं नव्हतं आणि नंतरही नाही. शाळेनं असा दावा करूही नये. तीनचार मुलं वर्ष संपेपर्यंत गोळीला नाहीच म्हणाली, त्यातल्या एकाला खरोखरच उलट्या होत होत्या, त्याला मी आग्रह सोडून दिला आणि आरोग्य पथकाच्या डॉक्टरांना दाखवा असं घरी कळवलं.

आणि एक शनिवार पूर्ण फसला. उत्साहाच्या भरात मी पुण्याच्या मायलॅब कंपनीतल्या विषाणुतज्ज्ञ मिनल दाखवे-भोसले यांची गोष्ट घेतली. २०२० च्या मार्चमध्ये त्यांच्या चमूनं सहा आठवड्यांत कोविड तपासणीचा संच तयार केला, तोही त्या गरोदर असताना, आणि संच सोपवल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. एवढं सांगितल्यावर संचाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. सगळा तास बाळावर गेला: नाव काय ठेवलं, रजा मिळाली का, दवाखान्यात मास्क लावला होता का. चूक माझीच. आधी तपासणीचं कोडं घालायचं सोडून मी बातमीतली चटकदार बाजू पहिल्यांदा वाढली. घशातल्या बोळ्यातून विषाणू सापडतो कसा, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

सातवीची ती मुलं आता दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात. मेच्या सुट्टीनंतर, पावसाच्या आधी, मावशींनी ह्या खेपेला वेळेत पन्हाळ साफ करून घेतली. मी मुद्दाम शिडीपाशी उभी होते. पालापाचोळा निघाला, एक चप्पल निघाली, निळं काही निघालं नाही. शेवटच्या ओंजळीत पाचसहा गोळ्या होत्या, गुलाबी. पाचवीचा वर्ग आमच्या शेजारीच आहे.